काळजाचा तुकडा

लठ्ठ मुलांचे आपल्या भाषेने जेवढे लाड केले आहेत, तेवढे दुसऱ्या कुणाचे केले असतील असे मला वाटत नाही. मोठ्या माणसाचे पोट सुटले की ती त्याला सरळ ढेरपोट्या म्हणून मोकळी होते. पण तेच पोट पाच वर्षांच्या मुलाला असू द्या, की तिची जीभ एकदम मधाळ होते. गुटगुटीत, गुबगुबीत, गोंडस, भरल्या अंगाचे, खात्यापित्या घरचे अशी विशेषणे ती ओंजळीने उधळू लागते. आणि 'बाळसे' या शब्दाची तर गोडीच वेगळी. लेकराच्या मनगटावर आणि मांड्यांवर ज्या वळ्या पडतात, त्यांना आपण चरबी म्हणत नाही, बाळसे म्हणतो. हा शब्द आपल्याला इतका प्रिय आहे, की एखादी पतपेढी किंवा एखादे मासिक नीट चालू लागले, तरी त्याने चांगले बाळसे धरले असे आपण कौतुकाने सांगतो!

उलट मूल बारीक असले की हीच भाषा सावत्र आईसारखी वागते. किडकिडीत, हडकुळे, काडीपैलवान, पाप्याचे पितर! अशा मुलाची आई चार बायकांत बसली, तर तिला उगाचच अपराध्यासारखे वाटते. "खात नाही हो काही," असा खुलासा ती न विचारताच करते. गुटगुटीत मुलाच्या आईला मात्र कधी कसला खुलासा करावा लागत नाही. माझ्या लहानपणी बालकांच्या स्पर्धा होत. त्यांचे नावच मुळी 'गुटगुटीत बालक स्पर्धा' असे असे. ज्याचे गाल घेतल्यावर दोन बोटे रुतत, ते मूल पहिले यायचे हे ठरलेलेच. देवांच्या बाबतीतही आपली आवडनिवड तीच. आपला सर्वांत लाडका देव लंबोदर, आणि दुसरा लाडका देव लोण्याच्या मडक्यात हात घालून बसलेला.

याला हसणे सोपे आहे, पण मला हसू येत नाही. कारण भाषेने हे लाड उगाच केलेले नाहीत. ज्या मुलखात दर दहा-वीस वर्षांनी पाऊस तोंड फिरवी, तिथे अंगावरचे मूठभर मांस ही मुलाची शिल्लक होती. देवी, गोवर, हगवण यांतून उठायचे, तर आधी अंगात काहीतरी असावे लागे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या माणसांनी अमेरिकेहून आलेला मिलो खाल्ला, दुष्काळी कामांवर खडी फोडली आणि सुकडीच्या पाकिटावर लेकरे जगवली. ती लेकरे आज आजी-आजोबा झाली आहेत. नातवाच्या गालावर हात फिरवताना त्यांना जो आनंद होतो, तो नुसता कौतुकाचा नसतो. एक जुनी भीती टळल्याचा तो आनंद असतो.

पण भीती टळल्यावरही भाषा जुनीच राहते, आणि इथेच थोडी पंचाईत होते.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. वय वर्षे दहा. स्वभावाने लोण्यासारखा, कुणी डबा आणला नाही तर आपला अर्धा डबा आपणहून देणारा. मुलांनी त्याचे नाव 'लाडू' ठेवले होते, आणि शाळेच्या रजिस्टरापेक्षा तेच नाव जास्त चाले. स्नेहसंमेलनाच्या नाटकात कुंभकर्णाची भूमिका त्याच्याकडे एकमताने जायची. तो ती झोकातही करी. पण एकदा तालमीनंतर सगळी मुले गेल्यावर तो माझ्या टेबलापाशी घुटमळला आणि खाली बघत म्हणाला, "बाई, पुढच्या वर्षी मला दुसरं कुणीतरी करा. जागं असणारं कुणीतरी."

त्या दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याची आई मला भेटायला आली. तक्रार वेगळीच होती. "बाई, ह्याची मान बघितलीत का तुम्ही? अभ्यंगस्नानाला उटणं लावून घासली, मसूरडाळीचं पीठ लावलं, लिंबाची साल लावली. कातडं लाल झालं, रडायला लागला. पण काळेपणा जाईना. शाळेत मळका म्हणून चिडवतात म्हणतो." मी त्याची मान पाहिलेली होती. गळ्यापासून मागे वळलेली, मखमलीसारखी जाडसर अशी काळी पट्टी. काखेतही तशीच असल्याचे ती म्हणाली.

तो मळ नव्हता. हे मला ठाऊक असण्याचे कारण एवढेच, की थोड्याच दिवसांपूर्वी शाळेत आरोग्यतपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी दोन-तीन मुलांच्या माना पाहून चिठ्ठ्या लिहून दिल्या होत्या. मधुमेहाच्या संदर्भात आपण ज्याचे नाव ऐकतो, त्या इन्शुलिनला शरीर दाद देईनासे झाले की ते रक्तात प्रमाणाबाहेर वाढते आणि कातडीच्या पेशींना भलतेच पोसू लागते. त्यातून ही काळी मखमल उमटते. ती कितीही घासली तरी जायची नाही, कारण ती बाहेरून बसलेली नसते, आतून आलेली असते. मला वाटते, या दिवाळीतही किती तरी न्हाणीघरांत किती तरी माना उगाच घासल्या जातील. हा लेख वाचून त्यांतली एक जरी घासायची थांबली आणि डॉक्टरांना दाखवली गेली, तरी माझी शाई कारणी लागली असे मी म्हणेन.

डॉक्टरीणबाईंनी मुलाचे रक्त तपासले, पोटाची सोनोग्राफी करवली आणि सांगितले, "यकृतावर चरबी आहे." आईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ती जे बोलली ते मी विसरणार नाही. "अहो, पण आमच्या घरात दारूचा थेंब नाही! ह्याचे वडील माळकरी आहेत."

त्या माउलीला हसण्याचा अधिकार कुणालाच नाही, कारण वैद्यकशास्त्राचीही समजूत काल-परवापर्यंत अशीच होती. चरबीने फुगलेले आणि सुजलेले यकृत दिसले, की तो माणूस चोरून पीत असणार असा तर्क ठरलेला. १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या लुडविग नावाच्या डॉक्टरने आपल्या सहकाऱ्यांबरोबर वीस रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांची यकृते अट्टल मद्यप्याची शोभतील अशी होती, आणि ही माणसे तर दारूला जवळजवळ शिवलेलीही नव्हती. या रोगाला तोवर नावसुद्धा नव्हते. ते त्यांनी दिले. पुढे तीनच वर्षांनी, १९८३ मध्ये, तसाच प्रकार तीन लठ्ठ मुलांत आढळल्याची नोंद झाली. तीन मुले! त्यानंतर अमेरिकेतल्या सॅन डिएगो परगण्यात १९९३ ते २००३ या काळात अकाली दगावलेल्या ७४२ मुलांची यकृते तपासली गेली. २००६ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा लठ्ठ मुलांपैकी शेकडा ३८ जणांच्या यकृतात चरबी साचल्याचे दिसले. त्यांच्यापैकी कुणी डॉक्टरकडे पोट दुखते म्हणून गेले असेल असे नाही. यकृत हा अवयव बोलका नाही. हृदय धडधडते, पोट गुरगुरते, दात तर सारे घर डोक्यावर घेतो. यकृत मात्र सासुरवाशिणीसारखे मुकाट्याने काम करीत राहते.

२०२३ साली तज्ज्ञांनी या रोगाचे नावही बदलले. आधीच्या नावात 'दारूविना' असा शब्द होता. जो रोग मुलांना होतो, त्याची ओळख दारूच्या नावाने का करून द्यायची, हा त्यामागचा एक विचार होता. आता त्याला शरीरातल्या चयापचयाच्या बिघाडाशी जोडून ओळखतात. शास्त्रज्ञसुद्धा कधीकधी शब्दांची लाज राखतात, हे वाचून माझ्यासारख्या भाषेच्या बाईला बरे वाटले.

शब्दांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. आपण मुलाला 'काळजाचा तुकडा' म्हणतो, आणि बोलताना हात ठेवतो छातीवर. पण काळीज म्हणजे मुळात यकृतच. अमरकोशात 'कालखंड' आणि 'यकृत' हे एकाच अवयवाचे दोन शब्द दिले आहेत. मटणाच्या दुकानात कलेजी मागितली तर दुकानदार हृदय देत नाही, यकृतच तोलून देतो. कवींनी काळीज उजव्या बरगडीखालून उचलून डावीकडे नेले, आणि आपण त्यांच्यावर विश्वास ठेवला एवढेच. तिकडे युरोपातही या अवयवाच्या नावाची अशीच एक गंमत आहे. जुने रोमन लोक हंसांना अंजीर खाऊ घालून घालून त्यांची यकृते चरबीने टम्म फुगवीत आणि मग ती चवीने खात. त्या 'अंजिरी यकृता'च्या लॅटिन नावातला अंजिराचा शब्द असा काही चिकटला, की फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिश भाषांत यकृताचे आजचे नाव अंजिरावरूनच आले आहे! फ्रान्समध्ये आजही बदकांना आणि हंसांना नळीने मका भरवून हा पदार्थ करतात. भारताने २०१४ साली त्याच्या आयातीवर बंदी घातली. पाखरांची दया येणे ठीकच आहे. पण जास्तीच्या साखर-पिठाने यकृत चरबीचे होते हे त्या रोमन स्वयंपाक्यांना दोन हजार वर्षांपूर्वी कळले होते, आणि आपण घरोघर तोच प्रयोग नळीवाचून, 'आणखी एक घे ना रे' एवढ्याच मंत्राने करीत आहोत, हे काही माझ्या मनातून जात नाही.

माझे शास्त्राचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. पण जे समजले नाही ते समजेपर्यंत गप्प बसवत नाही, ही शिक्षकी पेशातली खोड. मी डॉक्टरीणबाईंना छेडून छेडून विचारले, की चरबी साचली तर साचली, तिने एवढे बिघडते काय? अंगावर बाहेर साचते तशी आत साचली. त्यावर त्यांनी जे सांगितले, ते मी माझ्या स्वयंपाकघराच्या भाषेत मांडून पाहते.

दिवाळी संपल्यावर डब्याच्या तळाशी राहिलेली चकली कधी खाऊन पाहिली आहे? तिला एक उग्र, घशाशी खवखवणारा वास येतो. आपण म्हणतो, तेल खवट झाले. हे खवट होणे म्हणजे हवेतल्या प्राणवायूने तेलावर केलेला हल्ला. ज्या वायूवर आपण जगतो, तोच वायू तेलाच्या कणाला चावतो. चावलेला कण चवताळून शेजारच्याला चावतो, तो त्याच्या शेजारच्याला. वर्गात एकाने चिमटा काढला की शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो ना, तसे. आता यकृताच्या पेशीत पाहा. प्रत्येक पेशीत इवल्या इवल्या चुली असतात. त्यांत साखर आणि चरबी जळते आणि त्यावर शरीर चालते. इंधन बेताचे असले की चूल स्वच्छ जळते. पण गरजेपेक्षा जास्त चरबी तिच्यात कोंबत राहिले, तर ती धुमसू लागते, आणि धुरासारखे प्राणवायूचे चवताळलेले कण बाहेर पडतात. भोवती चरबी तर साचलेलीच असते. ती त्या कणांच्या तडाख्यात सापडून खवट होऊ लागते. चकलीच्या डब्यात जे घडते, तेच जिवंत मुलाच्या पेशीत घडते!

याला शास्त्रज्ञ ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. १९८५ मध्ये जर्मनीतल्या हेल्मुट सीस यांनी ही कल्पना नीट मांडली. आपण त्याला 'प्राणवायूचा जाच' म्हणू या. शरीर या जाचापुढे हात टेकून बसत नाही. ते स्वतःच काही द्रव्ये तयार करते आणि काही भाजी-फळांतून घेते. ती या चवताळलेल्या कणांना शांत करतात. लोणच्याला मीठ आणि वर तेलाचा थर असतो तसा हा बंदोबस्त. पण जाच रोजचा झाला आणि बंदोबस्त अपुरा पडला, की पेशी सुजतात, काही मरतात आणि त्यांच्या जागी वण धरतात. वणांवर वण धरत गेले की मऊ यकृत हळूहळू निबर होत जाते. १९९८ साली इंग्लंडमधल्या डे आणि जेम्स या दोघांनी दोन फटक्यांची उपपत्ती सांगितली होती: पहिला फटका चरबीचा, दुसरा या जाचाचा. आता अभ्यासक म्हणतात की फटके दोनच नसतात, पुष्कळ असतात. आनुवंशिकतेचा असतो, आतड्यांतल्या जंतूंचा असतो, इन्शुलिनचा तर असतोच. पण सामान्य माणसाने ध्यानात ठेवायला पहिले दोन पुरेत.

हे ऐकल्यावर कुणालाही सुचेल तो प्रश्न मलाही सुचला. मग त्या जाचावर गोळी का देत नाही? ई जीवनसत्त्व हे खवटपणाला अटकाव करणारे. ते द्यावे की! तेही करून झाले आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात ८ ते १७ वयाच्या १७३ मुलांना ९६ आठवडे कुणाला ई जीवनसत्त्व, कुणाला मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी आणि कुणाला नुसती खोटी गोळी दिली. यकृताला इजा झाली की एएलटी नावाचे द्रव्य रक्तात वाढते. ते खाली आणून खालीच ठेवण्याच्या बाबतीत दोन्ही खऱ्या गोळ्या खोट्या गोळीहून सरस ठरल्या नाहीत. ई जीवनसत्त्वाने काहींच्या यकृताची सूज मात्र अधिक चांगली उतरली. म्हणजे कल्पना चुकीची नव्हती. पण चुलीत लाकडे कोंबणे चालू ठेवायचे आणि धुरासाठी खिडकी उघडायची, याला मर्यादा असते. बाजारात 'लिव्हर टॉनिक' म्हणून जे काही मिळते, ते डॉक्टरांना न विचारता मुलाच्या तोंडात घालणाऱ्या आई-बापांनी हे ध्यानात ठेवावे.

आणि त्या एएलटीबद्दल आणखी एक. प्रयोगशाळेच्या छापील कागदावर पुष्कळदा चाळीस-पन्नासपर्यंतचा आकडा ठीक म्हणून दाखवलेला असतो. निरोगी मुलांचा अभ्यास करणाऱ्यांनी मात्र मुलांसाठी २६ आणि मुलींसाठी २२ ही वरची मर्यादा काढली आहे. म्हणून आकडा चौकटीत बसला की कागद फाइलीत टाकून मोकळे होऊ नये, डॉक्टरांना दाखवावा.

मला सर्वांत भावला तो २०१९ चा एक प्रयोग. ११ ते १६ वयाची, यकृतात चरबी असलेली चाळीस मुले घेतली. निम्म्यांच्या घरी आठ आठवडे वरून घातलेली साखर जवळजवळ बंद. गंमत अशी, की साखर एकट्या मुलाची बंद केली नाही, साऱ्या घराचा आहारच तसा आखून पुरवला. आठ आठवड्यांत त्या मुलांच्या यकृतातली चरबी सरासरी शेकडा २५ वरून १७ वर आली. नेहमीचे खाणाऱ्यांची २१ वरून २० वर, म्हणजे जिथल्या तिथे. दोन महिन्यांत एवढे! निरोगी यकृतात चरबी शेकडा पाचाहून कमी असते, तेव्हा १७ म्हणजे काही मुक्काम नव्हे. पण गाडी उलट दिशेने निघाली खरी. याचे कारण असे, की साखरेतला फळशर्करेचा जो अर्धा हिस्सा असतो, तो मुख्यतः यकृतालाच निस्तरावा लागतो, आणि जास्तीचा झाला की यकृत त्याची चरबी करून ठेवते. ३०० मिलिलिटरच्या साध्या रंगीत पेयाच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सहा-सात चमचे साखर असते. सहा-सात चमचे साखर वाटीत काढून कुणी मुलापुढे ठेवली, तर आपण तिला वेडी म्हणू. बाटलीतून दिली की पाहुणचार!

२०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना कोणत्या खाण्यात किती साखर असते हे सांगणारे फलक लावायला सांगितले. फलक चांगलेच. पण भिंतीवरचे वाचून मुले सुधारत असती, तर 'शांतता राखा' हे वाक्य आम्ही केव्हाच पुसून टाकले असते. मूल वाचते ते घरातल्या ताटाला.

आमच्या त्या मुलाच्या घरातले ताट आजीच्या हातात होते. आई कामाला जाई. शाळेतून आलेल्या नातवाला आजीच्या हातची तूप-साखर-पोळी, वर दूध-बिस्किटे, आणि संध्याकाळी शेजारच्या दुकानातून काहीबाही. डॉक्टरीणबाईंकडे जाताना आईने मला बरोबर यायची गळ घातली, ती याच कारणाने. आजी ऐकायची नाही, पण बाईंपुढे बोलायची नाही, असा तिचा हिशेब. हिशेब साफ चुकला. आजी बोलली, आणि चांगली बोलली.

"मी दहा वर्षांची होते बहात्तर साली. आईबरोबर रस्त्याच्या कामावर जायची. सुकडीचं पाकीट दोन दिवस पुरवून खाल्लंय मी. आता देवानं दिलंय, तर नातवाच्या तोंडचा घास काढून घेऊ होय? मायेनं खाऊ घातलेलं कधी कुणाला बाधलंय का?"

खोलीत कुणी काही बोलेना. मलाही उत्तर सुचले नाही. माया विषारी असते असे कोण कुठल्या तोंडाने सांगणार, आणि ते खरेही नव्हे. डॉक्टरीणबाईंनी मात्र हातातले पेन खाली ठेवले आणि विचारले, "आजी, दुष्काळ सरल्यावर, चांगल्या सालात तुमच्या घरी काय शिजायचं?"

आजी जरा गोंधळली. मग तिला आठवू लागले. ज्वारीची भाकरी. हुलग्याचे माडगे. पिठले. अंबाडीची, घोळाची भाजी. शेंगदाण्याची चटणी. ताक. गोडधोड? ते सणाला. सण वर्षातून किती? आजीने बोटे मोजली. डॉक्टरीणबाई ते सगळे औषधाच्या कागदावर लिहून घेत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी तो कागद आजीच्याच हातात दिला. "हेच औषध. आणि ते देणार तुम्ही. सणाचं गोड सणालाच, तेही एका वाढपात. आणि संध्याकाळी तासभर त्याला घराबाहेर पिटाळायचं, पळायला. पण एकट्या त्याला नाही हं! घरातल्या सगळ्यांनी हेच जेवायचं."

आजीने कागद दोनदा वाचला. "मग पोराला उपाशी नाही ठेवायचं?" तिने विचारले. "मुळीच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोटभर जेवू घाला." त्यावर आजीने तो कागद कमरेच्या पिशवीत असा ठेवला, जसे कुणी सातबारा ठेवावा.

वाढत्या वयातल्या मुलाचा एक फायदा असा, की त्याचे वजन उतरलेच पाहिजे असे नेहमी नसते. ते आहे तिथे थांबले आणि उंची वाढत राहिली, तरी बाजी मारली. आठ महिन्यांत तेच झाले. रक्तातला आकडा निम्म्यावर आला. मान अजून गोरी झालेली नाही, पण फिकी पडली आहे, आणि ती आता कुणी घासत नाही. मोठ्यांच्या यकृतासाठी २०२४ साली अमेरिकेत पहिले औषध मंजूर झाले. पण मुलांच्या बाबतीत खाणे आणि खेळणे हाच अजून पहिला उपाय आहे. यकृताची एक थोरवी मात्र सांगितली पाहिजे. ते क्षमाशील आहे. वण निबर होण्याआधी जाच थांबवला, तर ते चरबी झटकून पुन्हा आपले कामाला लागते.

आता, हे सारे वाचून बारीक मुलांच्या घरांनी निःश्वास टाकू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि बालके यांचा अभ्यास करीत आले आहेत. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहानखुरी, दंडा-पोटऱ्यांनी किरकोळ. पण चरबीच्या बाबतीत त्या मानाने मुळीच गरीब नव्हती! 'बारीक-लठ्ठ' बाळ असे काहीसे विचित्र नाव त्यांना मिळाले. याज्ञिकांनी आणि त्यांचे इंग्रज मित्र युडकिन यांनी २००४ साली स्वतःचे दोघांचे छायाचित्रच प्रसिद्ध केले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा एकच, २२.३, पण अंगातली चरबी इंग्रजाच्या शेकडा ९.१ आणि आपल्या पुणेकराच्या शेकडा २१.२! म्हणजे आपल्याकडे चरबी पुष्कळदा अंगरख्याच्या आत लपून असते. डोळ्यांना जे मूल नुसते 'भरलेले' दिसते, ते आतून आधीच काठोकाठ असू शकते. काटा जे सांगत नाही, ते कमरेचा घेर कधीकधी सांगतो.

चरकाने निंदित म्हणून आठ प्रकारची शरीरे सांगितली आहेत. त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश दोन्ही आहेत. दोहोंतही कृशाला बरे करणे सोपे, असे तो म्हणतो. पण त्या 'निंदित' शब्दापाशी मी वर्गात उभी असताना नेहमी थबकते. रोगाची निंदा करावी. मुलाची करू नये. दहा वर्षांच्या पोराने आपला आहार आपण ठरवलेला नसतो. आपले मैदान आपण विकलेले नसते. शिकवण्यांचे वेळापत्रक त्याने आखलेले नसते. त्याला 'जाड्या' म्हणून जो हसतो, तो त्याला पुन्हा एकदा डब्याकडे ढकलतो, कारण त्याच्या दुःखाला तेवढा एकच मित्र ठाऊक असतो. म्हणून आमच्या वर्गात आता 'लाडू' हे नाव चालत नाही. मी मनाई केली म्हणून नव्हे. यंदाच्या नाटकात तो सूत्रधार होता, अंक संपेपर्यंत एकदाही रंगमंच न सोडणारा. तेव्हापासून मुले त्याला 'सूत्रधार' म्हणू लागली, आणि हे नाव त्याला उंचीसारखेच शोभते.

दिवाळी दाराशी आली आहे. करंज्या तळा, अनारसे करा, लाडू वळा. मी काही शुभ दिवशी ताटातला फराळ उचलायला आलेली नाही. वर्षाच्या चार दिवसांनी कुणाच्या यकृताला वण पडत नाहीत. वण पडतात ते उरलेल्या तीनशे एकसष्ट दिवसांच्या दिवाळीने! फक्त यंदा पाहुण्यांचे गुटगुटीत पोर ओट्यावर आले, तर त्याचा गालगुच्चा घेण्यापूर्वी त्याला विचारा, "काय रे, पळायला येतोस का माझ्याबरोबर?" आणि खरोखरच पळा. आपल्यालाही यकृत आहेच.